पॉल गोमाच्या पत्राखाली लेखकांच्या सह्या का नव्हत्या?

ओंकार_वाचतो

नमस्कार मंडळी. रोमानियात जन्मलेल्या हेर्टा म्युलर या लेखिकेमुळे मी रोमानियाकडे वळलो. तिला २००९ साली नोबेल मिळालं तेव्हा मी शाळेत होतो, पुस्तकं आत्ता कुठे वाचून झाली. तिच्याबद्दल वाचताना एका रोमानियन लेखकाचं नाव सारखं आडवं येत राहिलं, पॉल गोमा. मग त्याच्या मागे लागलो. त्याच्या कादंबऱ्या अजून हाती आलेल्या नाहीत, आयुष्याबद्दल मात्र बरंच वाचलं आणि वाचल्यावर गोंधळलो.

जन्म १९३५चा, बेसाराबियातल्या माना गावचा. बेसाराबियाचा तो भाग आज मोल्दोव्हात आहे. १९५६च्या नोव्हेंबरात, हंगेरीतला उठाव चिरडला जात असताना, बुखारेस्टमध्ये साहित्य शिकणाऱ्या या मुलाने वर्गात आपल्या कादंबरीचा एक भाग वाचून दाखवला. त्यातला नायक तशाच उठावाची तयारी करत होता. त्याबद्दल दोन वर्षं जिलावा आणि घेर्लाचा तुरुंग, त्यानंतर १९६३पर्यंत बरागानच्या मैदानात लतेश्ती या वस्तीत सक्तीचं वास्तव्य. इथपर्यंत माझ्या मनात काही शंका नाही.

पण १९६८च्या ऑगस्टमध्ये हाच माणूस कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होतो. १९७७मध्ये चेकोस्लोव्हाकियातल्या चार्टर ७७ या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या बाजूने पत्र लिहितो, त्याला दोनशेहून जास्त लोक पाठिंबा देतात, आणि त्यातल्या बहुतेकांना म्हणे फक्त देशाबाहेर जाण्यासाठी पासपोर्ट हवा होता. 'गोमा पासपोर्ट' असा शब्दच तिथे रूढ झाला होता. लेखक तर जवळजवळ कुणीच नाहीत. प्रागमध्ये हावेल, कोहाउट, पाटोच्का अशी माणसं एकत्र उभी राहिली आणि बुखारेस्टमध्ये एकटा गोमा.

मग याला चळवळ म्हणायचं की एका हट्टी माणसाचं भांडण? त्याच्याच व्यवसायातली माणसं त्याच्या मागे का आली नाहीत? ज्यांनी त्याला मूळ भाषेत वाचलंय त्यांनी कृपया लिहावं.

शाईचा डाग

मूळ भाषेत वाचलेलं नाही, पण लेखकांच्या मुद्द्यावर थोडं सांगतो.

रोमानियात लेखक म्हणून जगायचं तर लेखक संघात असावं लागे. संघाचा साहित्य निधी होता, त्यातून उचल मिळे. लिहायला जाऊन राहण्यासाठी घरं होती. पुस्तकांच्या आवृत्त्या मोठ्या निघत आणि हातोहात खपत. हे सगळं एका सहीने जाऊ शकत होतं. गोमाचं गेलंच, तो कोठडीत असतानाच संघाने त्याला काढून टाकलं.

तरी नुसत्या स्वार्थावर बोट ठेवून भागणार नाही. तिथे एक शब्द होता, 'शोपर्ला', म्हणजे सरडा. कादंबरीत किंवा कवितेत एखादी ओळ अशी सोडून द्यायची की ती सेन्सॉरच्या बोटांमधून सुळकन निसटावी आणि वाचकाने मात्र अचूक पकडावी. वाचक पुस्तकांतून हे सरडे शोधत बसायचे. लेखकांना मनापासून वाटायचं की आपण चांगलं लिहीत राहणं, छापून येत राहणं हाच प्रतिकार. पुढे त्याला 'संस्कृतीतून प्रतिकार' असं नाव मिळालं. उघड पत्रावर सही केली की छापणं बंद, आणि छापणं बंद म्हणजे सरडेही बंद.

सगळेच कायमचे गप्प बसले असं मात्र नाही. आना ब्लान्दियानाच्या चार कविता १९८४च्या डिसेंबरात 'अम्फितेआत्रु' या विद्यार्थ्यांच्या मासिकात आल्या. अंक मागे घेतला गेला आणि लोकांनी त्या कविता हाताने उतरवून एकमेकांना दिल्या. त्यातली एक तर नुसती रोजच्या जगण्यातल्या गोष्टींची यादी आहे, आणि वाचणाऱ्याला त्यातली प्रत्येक गोष्ट ओळखीची होती. पण हे गोमानंतर सात वर्षांनी. ७७मध्ये तो एकटाच होता, हे खरं आहे.

वसुधाकाकू

मी इथे वाचते, लिहीत फारशी नाही. पण या माणसाबद्दल मराठीत कुणी विचारेल असं कधी वाटलं नव्हतं, म्हणून आज सविस्तर लिहिते.

यांच्या नोकरीमुळे आम्ही सहा वर्षं बुखारेस्टमध्ये होतो, २००२ ते २००८. भाड्याने जागा मिळाली ती द्रुमुल ताबेरेई या वसाहतीत. नावाचा अर्थ 'छावणीचा रस्ता'. साठ-सत्तरच्या दशकांत उभ्या केलेल्या एकासारख्या एक इमारती, मधून ट्रॉलीबसचा रस्ता, कडेला लिंडनची झाडं. जूनमध्ये त्या फुलांचा वास आमच्या चौथ्या मजल्यापर्यंत यायचा. गोमा याच वसाहतीत राहायचा. मला ते तिथे राहायला लागून वर्ष झाल्यावर कळलं, माझ्या रोमानियन शिकवणाऱ्या बाईंकडून. त्या निवृत्त शाळाशिक्षिका, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या. मी त्यांना 'दोआम्ना' म्हणायचे, म्हणजे बाई. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं.

आधी ६८चं बोलू. वॉर्सा करारातल्या, म्हणजे सोव्हिएत गटाच्या, फौजा प्रागमध्ये शिरल्या तेव्हा रोमानिया त्या करारात असूनही तिथला सत्ताधीश चाउशेस्कू याने सैन्य पाठवलं नाही. २१ ऑगस्टला त्याने पक्षाच्या मुख्यालयाच्या सज्जात उभं राहून, समोर प्रचंड गर्दी असताना, त्या आक्रमणाचा निषेध केला. आता रणगाडे आपल्याकडे येणार असं लोकांना खरोखर वाटत होतं. गोमाच्या वडिलांना सोव्हिएत पोलिसांनी १९४१च्या सुरुवातीला घरातून उचलून सैबेरियात नेलं होतं, तेव्हा हा पाच वर्षांचा. १९४४मध्ये हे कुटुंब रोमानियात पळून आलं आणि परत सोव्हिएत हद्दीत धाडतील या धास्तीने रानात लपून राहिलं. अशा माणसाला त्या दिवशी तो सज्जा आपला वाटला असेल तर त्यात मला काही काळंबेरं दिसत नाही. त्या सभासदत्वातून त्याला काही मिळालंही नाही. 'ओस्तिनातो' ही कादंबरी देशात छापू देईनात, ती १९७१मध्ये जर्मनीत जर्मन भाषांतरात आली, फ्रँकफर्टच्या पुस्तक जत्रेत ती मांडलेली पाहून रोमानियाचं शिष्टमंडळ उठून गेलं, आणि गोमाला पक्षातून काढलं.

तो सज्जा तो विसरला नव्हता. १९७७च्या जानेवारीत त्याने पावेल कोहाउटला आणि चार्टरच्या इतर लोकांना पाठिंब्याचं पत्र लिहिलं. सहीसाठी ओळखीच्यांना विचारून पाहिलं, कुणी तयार होईना. तेव्हा त्याने दुसरं पत्र लिहिलं ते थेट चाउशेस्कूला. त्याचा आशय असा, की माझे सगळे देशबांधव सेक्युरितातेला, म्हणजे गुप्त पोलिसांना, घाबरतात, न घाबरणारी माणसं या देशात दोनच, एक आपण आणि दुसरा मी, तेव्हा आपणच सही करा. ६८मध्ये प्रागच्या बाजूने आपण बोललाच होता. हे पत्र मी दोआम्नांच्या स्वयंपाकघरात बसून वाचलं. वाचता वाचता मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, हे वाक्य त्याने स्वतःच्या नावाने टपालात टाकलं होतं, हे लक्षात घे.

नंतरचं पत्र बेलग्रेडच्या परिषदेला उद्देशून होतं. १९७५मध्ये हेलसिंकीत पस्तीस देशांनी मानवी हक्कांच्या वचनावर सह्या केल्या होत्या, त्यात रोमानियाही होता. ते वचन किती पाळलं गेलं हे बघायला ७७मध्ये बेलग्रेडला बैठक व्हायची होती. या पत्राखाली सुरुवातीला सह्या आठ. गोमा, त्याची बायको आना मारिया, एक वादक आणि त्याची बायको, एक कामगार, एक चित्रकार आणि त्याची आई, एक ड्राफ्ट्समन. फेब्रुवारीत हे पत्र 'रेडिओ युरोपा लिबरा'वरून, म्हणजे म्युनिकहून चालणाऱ्या रेडिओ फ्री युरोपच्या रोमानियन विभागावरून वाचलं गेलं. तिथून पुढे माणसं यायला लागली. फोन करत, तो तोडल्यावर थेट दारावर येत. दाराबाहेर पोलीस आणि साध्या कपड्यांतली माणसं. येणाऱ्याला अडवायचं, कागदपत्रं बघायची, नाव टिपून घ्यायचं. घरात एका माजी मुष्टियोद्ध्याला घुसवून गोमाला मारहाणही केली, एकदा नव्हे, अनेकदा.

आता पासपोर्टचं. ओंकार, हा आक्षेप मी बुखारेस्टमध्येही अनेकदा ऐकला, आणि दर वेळी मला त्याचा रागच आला. देश सोडून जाता येणं हा हेलसिंकीच्या वचनाचाच भाग होता. आणि पासपोर्टसाठी का होईना, त्या माणसाला द्रुमुल ताबेरेईत येऊन, पहाऱ्यासमोरून जिना चढून, कागदावर आपलं खरं नाव आणि राहता पत्ता लिहावा लागत होता. पासपोर्ट मिळेल की तुरुंग, हे त्या क्षणी कुणालाच ठाऊक नव्हतं. काहींना पासपोर्ट देऊन सरकारने ब्याद टाळली, काहींना कामावरून काढलं, काहींना कोठडीत टाकलं.

दोआम्नांनी सही केली नव्हती.

ही गोष्ट त्यांनी मला ओळख होऊन तीन वर्षं झाल्यावर सांगितली. त्यांनी ते पत्र रेडिओवर ऐकलं होतं, रेडिओ पांघरुणात घेऊन, आवाज अगदी बारीक करून. गोमाचं घर त्यांच्यापासून चालत दहा मिनिटांवर. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना त्या वाट वाकडी करून तिकडे गेल्या. मनात नक्की काही ठरलेलं नव्हतं, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर पाय गेले. इमारतीच्या दारापाशी दोन पुरुष सिगरेट ओढत उभे होते. फेब्रुवारीचा महिना, खाली चिखलाचा बर्फ, आणि त्या दोघांच्या पायातले बूट नवे, कोरडे. मोटारीतून उतरून तिथेच उभे राहिलेल्यांचे असतात तसे. दोआम्ना त्यांच्यावरून सरळ पुढे गेल्या, कोपऱ्यावरच्या दुकानासमोरच्या रांगेत उभ्या राहिल्या, रांग कशाची हे न विचारता. अर्ध्या तासाने नंबर आला तेव्हा कळलं की साबणाची. दोन वड्या घेऊन घरी आल्या. मुलगा तेव्हा विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करत होता, त्यांनी हे कारण मला सांगितलं आणि लगेच म्हणाल्या, कारण प्रत्येकाकडे होतं.

लेखकांचं उत्तर मला तरी त्या रांगेत सापडतं. 'शाईचा डाग' यांनी सरड्यांबद्दल लिहिलंय ते अगदी बरोबर आहे, त्या सरड्यांवर एक अख्खी पिढी जगली आणि मी त्यांना कमी लेखणार नाही. पण सरडा हा निनावी असतो. लेखक कधीही म्हणू शकतो की मला तसं म्हणायचं नव्हतं. गोमाने तेवढी एक वाट स्वतःसाठी बंद करून घेतली, आणि इतरांना बोलावलं तेही त्याच बंद वाटेवर.

दोन माणसं आली, ती सांगायलाच हवीत. एक मनोविकारतज्ज्ञ आणि लेखक इओन वियानू. सरकार मनोविकारशास्त्राचा वापर विरोधकांना वेडं ठरवण्यासाठी करतं, यावर तो बोलत होता. दुसरा समीक्षक इओन नेगोइत्सेस्कू. याने मार्चच्या सुरुवातीला गोमाला पाठिंब्याचं पत्र लिहिलं. त्याला पकडून चौकशीला बसवलं. तो समलिंगी होता आणि रोमानियाच्या दंडसंहितेतलं कलम २०० त्यासाठी तुरुंग द्यायचं, तेच कलम त्याच्यासमोर धरलं. एप्रिलमध्ये त्याचा देशभक्तीवरचा लेख लेखक संघाच्या साप्ताहिकात छापून आला, म्हणजे माघार. या माणसाला भित्रा म्हणणारे भेटतील. पत्र लिहिताना आपल्यावर काय वापरलं जाईल हे त्याला आधीपासून माहीत होतं, आणि तरी त्याने ते लिहिलं. मला एवढं पुरतं.

याच काळात ४ मार्चचा भूकंप झाला. रात्री नऊ वाजून बावीस मिनिटांनी. देशभरात १५७८ माणसं गेली, त्यातली बहुतेक बुखारेस्टमध्ये. लेखकही गेले, कवी बाकोन्स्की आणि त्याची बायको, कादंबरीकार अलेक्सांद्रु इवासियुक. इवासियुक गोमासारखाच ५६च्या अटकसत्रात तुरुंगात गेलेला. अख्खं शहर ढिगारे उपसत होतं आणि त्याच दिवसांत लोक सहीसाठी येत राहिले. गोमाने पुढे या तीन महिन्यांवर जे पुस्तक लिहिलं त्याच्या फ्रेंच आवृत्तीचं नाव 'माणसांचा भूकंप' अशा अर्थाचं आहे.

१ एप्रिलला त्याला अटक झाली. देशाबाहेर नाटककार यूजीन आयोनेस्कोपासून अनेकांनी आवाज उठवला, ६ मेला सोडलं. २० नोव्हेंबरला तो बायको आणि दीड-दोन वर्षांच्या मुलासह पॅरिसला गेला. त्याच्या आगमनाच्या दोनच दिवस आधी मोनिका लोविनेस्कूला, जिचा आवाज रेडिओ युरोपा लिबरावरून घराघरांत पोचला होता, पॅरिसमध्ये तिच्या राहत्या घरापाशी बेदम मारहाण झाली होती.

एक वस्तू सांगते आणि थांबते. दोआम्नांकडे 'एरिका' टंकलेखन यंत्र होतं, पूर्व जर्मनीत बनलेलं. १९८३च्या मार्चमध्ये हुकूम निघाला की प्रत्येक टंकलेखन यंत्राची पोलिसांकडे नोंद झाली पाहिजे आणि दर वर्षी त्याच्या अक्षरांचा नमुना जमा केला पाहिजे, म्हणजे कुठे निनावी पत्रक सापडलं तर यंत्र शोधता यावं. ज्याच्यावर संशय त्याला यंत्र ठेवायची परवानगी नाही. दोआम्ना दर वर्षी ते जड पेटाऱ्यात घालून ट्रॉलीबसने पोलीस ठाण्यात न्यायच्या. त्यांच्या यंत्राचा 'र' किंचित वर उडायचा आणि 'ए'चं पोट शाईने भरलेलं असायचं. ८९मध्ये ती राजवट कोसळल्यानंतरही त्यांनी शेवटच्या नमुन्याची एक कार्बन प्रत जपून ठेवली होती. पिवळट कागद, मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं, आणि खाली स्वतःचं नाव-पत्ता. तो कागद माझ्या हातात देऊन त्या म्हणाल्या, मीसुद्धा नाव-पत्ता लिहून दिला, बघ, सहा वेळा दिला. त्यांचे डोळे भरून आले होते. मी काही बोलू शकले नाही.

ओंकार_वाचतो

काकू, मनापासून आभार. हे वाचताना मी माझाच प्रश्न परत वर जाऊन वाचला. 'फक्त पासपोर्टसाठी' हे मी किती सहज लिहून टाकलं होतं. पॅरिसला गेल्यावर पुढे काय झालं? तिथे तरी तो सुरक्षित होता का? आणि वाचायला सुरुवात कशापासून करू?

पराग

काकूंचा प्रतिसाद फार आवडला, तरी एक गोष्ट न बोलता पुढे जाऊ नये असं वाटतं. गोमाने २०००च्या दशकात 'लाल आठवडा' या नावाचं पुस्तक लिहिलं, १९४० साली सोव्हिएत फौजा बेसाराबियात शिरल्या त्या आठवड्याबद्दल. रोमानियन सैन्य माघार घेत असताना स्थानिक ज्यूंनी त्यांच्यावर हल्ले केले, आणि पुढच्या वर्षी ज्यूंचं जे झालं ती त्याची प्रतिक्रिया, अशी त्याची मांडणी आहे. इतिहासकारांनी त्यावर ज्यूद्वेषाचा स्पष्ट ठपका ठेवला. अनेक जुने मित्र त्यामुळे तुटले. ज्या माणसाने मानवी हक्कांसाठी एवढं सोसलं त्यानेच हे लिहावं, हे मला पचत नाही. काकू, तुम्ही हे कसं बघता?

वसुधाकाकू

पराग, बरं झालं विचारलंत. मी ते आधीच्या प्रतिसादात लिहायला हवं होतं.

'लाल आठवडा' मी अर्धा वाचला आणि खाली ठेवला. ती मांडणी चूक आहे. १९४१च्या जूनमध्ये यासी शहरात जे हत्याकांड झालं, त्यानंतर बेसाराबिया आणि बुकोविनातून ज्यूंना नीस्तर नदीपलीकडे हाकलून जे मारलं गेलं, ते रोमानियन राज्याने केलं, तेव्हाचा हुकूमशहा अंतोनेस्कू याच्या हुकमाने. रोमानियात नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २००४मध्ये बळींचा आकडा २,८०,००० ते ३,८०,००० दिला. यात तान्ही मुलं आहेत. त्यांनी कुणावर कसला हल्ला केला होता? पाच वर्षांच्या मुलाने वडील जाताना पाहिले, त्याचं दुःख मला कळतं, पण त्या दुःखाचं देणं दुसऱ्याच कुणाच्या दारात वसूल करायला जाणं मला मान्य नाही, गोमाचंही नाही. याने ७७चं पत्र पुसलं जात नाही. आणि ७७च्या पत्राने हे पुस्तक झाकलं जात नाही. मी दोन्ही एकाच कपाटात ठेवलीत, आणि त्या कपाटाकडे बघताना दर वेळी त्रास होतो.

ओंकार, पॅरिसबद्दल. सुरक्षित नव्हता. १९८१च्या फेब्रुवारीत टपालाने एक पार्सल आलं. त्याला संशय आला, त्याने पोलिसांना बोलावलं, तो बाँब निघाला आणि तो हाताळणारा पोलीस जखमी झाला. असंच पार्सल निकोलाए पेनेस्कू या जुन्या राजकारण्यालाही गेलं होतं, तो स्वतः जखमी झाला. मग १९८२मध्ये सेक्युरितातेने मातेई हाइदुकू नावाच्या आपल्या हस्तकाला गोमाला आणि विर्जिल तनासे या दुसऱ्या लेखकाला मारायला सांगितलं. गोमासाठी दिलेलं हत्यार होतं एक फाउंटन पेन, त्यात शाईऐवजी विष. पेयात ते सोडायचं. हाइदुकूने फ्रेंच गुप्तचरांना सगळं सांगून टाकलं, मग फ्रेंचांच्या संमतीने मे महिन्यात त्या प्रयत्नाचं नाटक झालं, आणि नंतर प्रकरण उघड केलं गेलं. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मितराँ यांचा रोमानियाचा दौरा त्यात रद्द झाला.

गोमाने फ्रेंच नागरिकत्व घेतलं नाही. राजकीय आश्रित म्हणूनच दशकं काढली. २०१३मध्ये मोल्दोव्हाने त्याला नागरिकत्व दिलं, म्हणजे जिथे जन्मला त्या मातीने. २०२०च्या मार्चमध्ये पॅरिसमध्ये करोनाने गेला, वय ८४. तेव्हा बाहेर सगळं बंद होतं. दोआम्ना त्याआधीच गेल्या होत्या, नाहीतर मी त्यांना फोन केला असता.

वाचायला 'दिन कालिदोर'पासून सुरुवात कर. तुरुंगावरच्या पुस्तकांपासून नको, 'घेर्ला' वाचायला छाती लागते, ते नंतर. 'दिन कालिदोर' ही मानामधल्या बालपणाची कादंबरी. इंग्रजीत 'माय चाइल्डहुड ॲट द गेट ऑफ अनरेस्ट' या नावाने १९९०मध्ये आली, जुन्या पुस्तकांत शोधलीस तर मिळेल. आईवडील दोघं शिक्षक, घर शाळेतच, आणि मुलगा त्या घराच्या कालिदोरमध्ये बसून सगळं जग येताना-जाताना बघतो. मी दोआम्नांबरोबर रोज तीन-चार पानं वाचायचे. 'कालिदोर' हा शब्द पहिल्यांदा आला तेव्हा मी अर्थ विचारला. तो बेसाराबियाकडचा शब्द, त्या जन्मभर बुखारेस्टच्या, त्यांना नेमकं सांगता येईना. घराच्या पुढे असतं, वर छप्पर, पण खोली नव्हे, भिंत नाही, खांब असतात, असं म्हणत हाताने हवेत काहीतरी आखत राहिल्या. मी वहीच्या कडेला घर काढलं, पुढे उतरतं छप्पर, चार लाकडी खांब, दोन पायऱ्या, आणि एका खांबाला टेकून बसलेलं पोर. त्यांनी वही स्वतःकडे ओढून घेतली, चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाल्या, हेच. तुमच्याकडे याला काय म्हणतात? मी म्हटलं, ओसरी. त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं, आणि त्या पानावर पेन्सिलीने, रोमानियन अक्षरांत, लिहून ठेवलं.